जुन्या ट्रॅक्टरमधील दूषित हायड्रॉलिक तेल : एका रचनात्मक निर्णयाचा इतिहास

प्रस्तावना

शेतीच्या यांत्रिकीकरणाचा इतिहास लिहिताना अश्वशक्ती, उत्पादनाचे आकडे, कर्जपुरवठा आणि हरितक्रांती यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. यंत्र शेतात आल्यानंतर ते वीस-तीस वर्षे कसे चालत राहिले आणि त्यासाठी कोणत्या प्रकारचे ज्ञान लागले, या प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. तंत्रज्ञानाचा इतिहास हा जसा शोधांचा इतिहास असतो, तसाच तो दुरुस्तीचा आणि देखभालीचाही इतिहास असतो. ही दुसरी बाजू तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात एक अगदी साधा वाटणारा विषय घेतला आहे. तो म्हणजे जुन्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेतील दूषित तेल.

या दोषाची लक्षणे ट्रॅक्टरच्या सान्निध्यात राहणाऱ्या प्रत्येकाला परिचित आहेत. डिपस्टिक बाहेर काढली असता तेल दुधाळ किंवा करडे दिसते. लिफ्ट सावकाश उचलते, उचललेला नांगर धक्के देत थरथरतो किंवा आपोआप खाली येऊ लागतो. अशा वेळी दोष सामान्यतः मालकाच्या हयगयीला दिला जातो. परंतु यंत्राची रचना बारकाईने पाहिल्यास वेगळे चित्र दिसते. गिअर, मागील आस आणि लिफ्ट या तिन्हींना एकच तेल पुरविण्याचा जो निर्णय १९३० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाला, त्यातच या दूषितीकरणाचे मूळ बऱ्याच अंशी दडलेले आहे. त्या निर्णयाने ट्रॅक्टर स्वस्त व सुटसुटीत झाला. त्याबरोबरच तेल निर्मळ ठेवण्याची जबाबदारी वापरकर्त्यावर येऊन पडली.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ट्रॅक्टरमधील सामाईक तेलव्यवस्थेचा उगम व तिची कारणे पाहणे.
२) तेलाच्या दूषितीकरणाची कारणे व त्यावरील उपाय या रचनेच्या संदर्भात समजून घेणे.
३) 'दूषित तेल' या संकल्पनेचा तेलाच्या मानकांशी व बाजारपेठेशी असलेला संबंध तपासणे.
४) भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील वापराशी या इतिहासाचा सांधा जोडणे.

फर्ग्युसन प्रणाली आणि तेलाचे नवे कार्य

हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म १८८४ मध्ये आयर्लंडमधील काउंटी डाउन येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. १९०९ च्या अखेरीस स्वतः बांधलेल्या विमानातून उड्डाण करणारा हा गृहस्थ पहिल्या महायुद्धाच्या काळात शेतीयंत्रांकडे वळला. १९१७ मध्ये आयर्लंडमधील शेतीखात्याने ट्रॅक्टरांची कार्यक्षमता सुधारण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. त्याच वर्षी हेन्री फोर्ड यांचा फोर्डसन ट्रॅक्टर बाजारात आला. त्या काळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीने अथवा दांड्याने ओढला जाई. नांगराचा फाळ दगडाला किंवा मुळाला अडकला की मागची चाके जागीच अडत, इंजिनाच्या जोराने ट्रॅक्टरचा पुढचा भाग वर उचलला जाई आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालक त्याखाली सापडे. फोर्डसनच्या बाबतीत अशा अपघातांची फार चर्चा झाली.

यावर फर्ग्युसन यांनी शोधलेला उपाय म्हणजे नांगर व ट्रॅक्टर यांना एकच यंत्र मानणे. तीन बिंदूंवर जोडलेला नांगर जमिनीत रुतू लागला की टॉप लिंक पुढच्या दिशेने दाबली जाते. हा दाब एका स्प्रिंगमार्फत तेलाच्या झडपेपर्यंत पोहोचतो. झडप उघडून तेल सिलिंडरमध्ये जाते आणि नांगर आपोआप किंचित वर उचलला जातो. ओढ कमी झाली की तो पुन्हा खाली येतो. या ओढ-नियंत्रणाच्या कल्पनेचे पेटंट त्यांना १९२६ मध्ये मिळाले. १९३३ मधील प्रायोगिक 'काळा ट्रॅक्टर' आणि १९३६ पासून डेव्हिड ब्राउन यांच्या सहकार्याने तयार झालेला फर्ग्युसन-ब्राउन हे या प्रवासातील पुढचे टप्पे होत.

यातील एक गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तोपर्यंत ट्रॅक्टरमधील तेलाचे काम घर्षण कमी करणे एवढेच होते. फर्ग्युसन प्रणालीत तेल संवेदनाही वाहू लागले. जमिनीचा कठीणपणा टॉप लिंकला जाणवतो आणि त्याचे उत्तर तेल देते. गिअरच्या तेलात थोडी माती किंवा पाणी मिसळले तरी गिअर काही काळ निमूटपणे फिरत राहतात. झडपेचे तसे नाही. तिच्यातील फट काही मायक्रॉनांची असते आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारा कणही तिच्या हालचालीत अडथळा आणू शकतो. तेलाचे कार्य बदलल्याने त्याच्या शुद्धतेची कसोटीही बदलली.

एकच तेल : सोय आणि किंमत

१९३८ मध्ये फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांच्यात हस्तांदोलनावर आधारलेला प्रसिद्ध करार झाला आणि जून १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ९एन हा ट्रॅक्टर सादर करण्यात आला. त्याची किंमत ५८५ डॉलर होती. एवढ्या कमी किमतीत हायड्रॉलिक लिफ्ट देणे शक्य झाले यामागे रचनेतील काटकसर होती. गिअरबॉक्स, पंप, डिफरन्शियल आणि लिफ्टचा सिलिंडर हे सर्व एकमेकांना जोडलेल्या बिडाच्या कवचांत बसविले गेले आणि सर्वांना सुमारे ५ अमेरिकन गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटर, सामाईक तेल देण्यात आले. वेगळी टाकी नको, बाहेरून फिरणाऱ्या नळ्या नकोत, गळतीच्या जागाही कमी. पंप तेलातच बुडालेला असे आणि तो पीटीओच्या दांड्यावर चाले. उन्हाळ्यात ९० क्रमांकाचे व हिवाळ्यात ८० क्रमांकाचे खनिज गिअर तेल घालावे, एवढीच सूचना वापरणाऱ्याला पुरेशी होती.

१९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे तयार होऊ लागलेल्या फर्ग्युसन टीई-२० मध्येही हेच तत्त्व होते. १९५६ पर्यंत त्याचे ५ लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. युद्धोत्तर काळात जगभरच्या लहान शेतकऱ्यांपर्यंत हायड्रॉलिक लिफ्ट पोहोचविण्याचे श्रेय या रचनेला द्यावे लागेल.

तथापि सामाईक तेलाचा अर्थ सामाईक दोष असाही होतो. गिअरचे दात झिजून निघणारे धातूकण आता थेट पंपाकडे जाऊ लागले. हे ट्रॅक्टर उघडे असत. गिअरच्या दांड्याभोवतीचे रबरी आवरण उन्हाने तडकले की पावसाचे पाणी दांड्यावरून थेट तेलात उतरे. दिवसा तापलेले कवच रात्री थंड झाले की आत ओढल्या गेलेल्या हवेतील बाष्प भिंतींवर जमून खाली ठिबके. वर्षातून मोजकेच दिवस चालणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये हे पाणी तापून उडून जाण्याची संधीच मिळत नसे. खनिज तेलात दशलक्ष भागांमागे काही शे भाग एवढेच पाणी विरघळू शकते. त्याहून अधिक पाणी तळाशी साचते अथवा गिअरांच्या घुसळणीने त्याचा दुधाळ पायस बनतो. अशा तेलाने लोखंडी भाग गंजतात, पंपाचे घर्षण वाढते आणि गंजाचे कण पुन्हा झडपेत जाऊन अडकतात. एका दोषातून दुसरा दोष निर्माण होण्याची ही साखळी आहे.

न्यायालयीन वाद आणि तेलाची विभागणी

या तेलव्यवस्थेत पहिला मोठा बदल घडला तो अभियांत्रिकीपेक्षा कायद्यामुळे, ही बाब लक्षणीय आहे. हेन्री फोर्ड यांचे नातू हेन्री फोर्ड दुसरे यांनी फर्ग्युसन यांच्याशी असलेले संबंध संपविले आणि १९४७ मध्ये फोर्ड कंपनीने ८एन हा स्वतःचा ट्रॅक्टर आणला. त्यात फर्ग्युसन यांचीच हायड्रॉलिक कल्पना वापरली असल्याने १९४८ मध्ये त्यांनी २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा दाखल केला. एप्रिल १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. तेल ओढून घेण्याच्या बाजूला झडप असलेली पंपाची रचना फोर्डने १९५२ अखेर सोडून द्यावी, असेही त्यात ठरले.

परिणामी १९५३ च्या फोर्ड एनएए या ट्रॅक्टरमध्ये पंप इंजिनावर चालू लागला आणि गिअरबॉक्स, हायड्रॉलिक व मागील आस यांचे तेलसाठे स्वतंत्र झाले. क्लच दाबल्यावरही लिफ्ट चालावी, ही शेतकऱ्याची मागणी यातून पुरी झाली. झिजलेल्या गिअरचे कण पंपात जाण्याचा मार्गही बंद झाला. मात्र तीन तेलसाठे म्हणजे तीन पातळ्या तपासणे आणि तीन ठिकाणी ऑइल सील सांभाळणे. एक साठा दुधाळ असून दुसरा स्वच्छ असू शकतो, हे दुरुस्ती करणाऱ्याला नव्याने शिकावे लागले. १९६५ नंतरच्या फोर्ड ३००० मध्ये पुन्हा मधला मार्ग आला. त्यात गिअरबॉक्सचे तेल वेगळे, पण हायड्रॉलिक आणि मागील आस यांचे एकत्र होते. एकत्र की वेगळे, हा प्रश्न प्रत्येक पिढीने आपापल्या परीने सोडविला. म्हणूनच जुन्या ट्रॅक्टरचे तेल बदलण्यापूर्वी त्याची रचना कोणत्या पिढीची आहे, हे जाणून घेणे ही पहिली पायरी ठरते.

देवमाशाचे तेल आणि '३०३' हा क्रमांक

ऑगस्ट १९६० मध्ये जॉन डिअर कंपनीने डॅलस येथे नव्या मालिकेचे ट्रॅक्टर सादर केले. यांत एकाच तेलावर गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक चालत. अशा ब्रेकमध्ये घर्षण नेमके हवे तेवढेच राहावे लागते. ते कमी झाले तर ब्रेक लागत नाही, अनियमित झाले तर ब्रेक कर्कश आवाज करतो. साधे गिअर तेल येथे निरुपयोगी होते. त्यासाठी तयार केलेल्या द्रवाला '३०३' हा क्रमांक होता आणि त्याच्या घडणीत स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलाचा वापर होता. त्या काळच्या मोटारींच्या स्वयंचलित गिअरबॉक्सच्या द्रवांतही हे तेल वापरले जाई.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलचा समावेश संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत केला आणि या तेलाचा पुरवठा बंद झाला. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत '३०३' ची जागा नव्या मानकांच्या द्रवांनी घेतली. जुने मानक तेथेच संपले, परंतु तो क्रमांक बाजारात जिवंत राहिला. ज्यामागे कोणतेही चालू मानक उरले नव्हते, असा '३०३' हा शिक्का पिवळ्या बादल्यांवर अमेरिकेत पुढची चार दशके झळकत होता. शेतकऱ्याला तो परिचित होता आणि किंमतही कमी होती. २०१७ च्या सुमारास मिसुरी राज्याच्या नियंत्रक विभागाने केलेल्या तपासण्यांनंतर अशा द्रवांच्या विक्रीवर निर्बंध आले. त्यानंतर ग्राहकांनी सामूहिक दावे दाखल केले. वापरलेली किंवा टाकाऊ तेले मिसळून हे द्रव विकले जात असून त्यांमुळे पंप, सील आणि ब्रेक खराब होतात, असा त्यांतील आरोप होता. त्यांपैकी अनेक दावे पुढे तडजोडीने मिटले.

या प्रकरणामुळे 'दूषित' या शब्दाचा अर्थ विस्तारतो. पाणी आणि धातूकण तेलात शेतावर मिसळतात, पण चुकीचे तेल बादलीतूनच आत येते. पहिला दोष डोळ्यांना दिसतो. दुसरा दिसत नाही, कारण असे तेल स्वच्छ आणि सोनेरी असू शकते. स्वच्छतेचे मोजमाप करणारे आयएसओ ४४०६ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८७ मध्ये आले. त्यात ठरावीक आकाराचे किती कण तेलात आहेत, हे संकेतांकाने सांगितले जाते. कारखान्यांतील हायड्रॉलिक यंत्रणांना त्याचा मोठा उपयोग झाला. शेतावरच्या जुन्या ट्रॅक्टरपर्यंत मात्र प्रयोगशाळा क्वचितच पोहोचली. तेथे पारख डोळ्यांनी, बोटांनी आणि अनुभवानेच होत राहिली.

भारतीय संदर्भ

फर्ग्युसन कंपनी १९५३ मध्ये मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. १९६० मध्ये मद्रास येथे ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट, म्हणजेच 'टॅफे' ही कंपनी स्थापन होऊन भारतात मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांचे उत्पादन सुरू झाले. टीई-२० नंतर आलेल्या '३५' मालिकेच्या वंशातील १०३५ हा ट्रॅक्टर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला चांगलाच परिचित आहे. तेलात बुडालेला पंप आणि सामाईक तेल हा फर्ग्युसन यांचा वारसा त्यात आला. फरिदाबाद येथे एस्कॉर्ट्स व फोर्ड यांच्या सहकार्याने १९७१ पासून फोर्ड ३००० तयार होऊ लागला आणि दुसऱ्या परंपरेची रचनाही येथे पोहोचली.

परदेशातील रचना येथे आली, परंतु तिला सामोरी जाणारी परिस्थिती निराळी होती. कोकणात आणि भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरची मागील आस तासन्‌तास चिखलपाण्यात असते. ऑइल सील झिजलेले असल्यास पाणी आत शिरण्यास हाच मार्ग पुरेसा असतो. कोरडवाहू भागात धूळ हा मुख्य शत्रू ठरतो. उचलणारी ट्रॉली आणि हायड्रॉलिक पलटी नांगर यांमुळे आणखी एक मार्ग उघडला. त्यांच्या नळ्या ट्रॅक्टरच्याच तेलावर चालतात आणि एकच ट्रॉली गावातील दोन-तीन ट्रॅक्टरांना जोडली जाते. त्यामुळे एका ट्रॅक्टरचे तेल दुसऱ्यात मिसळते. जोडणीच्या तोंडाशी साचलेली माती पुसली नाही तर तीही आत जाते. सामाईक तेलाची कल्पना अशा रीतीने एका यंत्राची सीमा ओलांडून गावाच्या पातळीवर गेली.

निदान आणि उपचार

या पार्श्वभूमीवर अनुभवी मिस्त्रींची कार्यपद्धती पाहिली असता तिच्यामागील तर्क स्पष्ट होतो. निदानासाठी तेलाचा थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकतात. तो तडतडला तर तेलात पाणी आहे. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी तळाचा ड्रेन प्लग किंचित सैल केला असता आधी पाणी आले, तर ते मोकळे पाणी होय. तेल दुधाळच राहिले तर पायस बनलेला आहे आणि असे तेल वाचविण्याचा प्रयत्न शेतावर करण्यात अर्थ नसतो. तळाच्या तेलात बोटाला जाणवणारे चकाकते कण असतील तर दोष गिअर अथवा बेअरिंगमध्ये शोधावा लागतो.

तेल सोडताना ट्रॅक्टर काही वेळ चालवून तेल कोमट केले जाते, म्हणजे गाळ त्याबरोबर बाहेर येतो. अवजार जमिनीवर टेकवून लिफ्टचे हात पूर्ण खाली आणले जातात. त्यामुळे सिलिंडरमधील तेलही परत येते आणि उचललेल्या अवजाराखाली काम करण्याचा धोका टळतो. ९एन व ८एन या ट्रॅक्टरांना तळाशी तीन प्लग आहेत. एकच उघडल्यास उरलेल्या खोलगट भागांत दूषित तेल राहते आणि नवे तेल पहिल्याच दिवशी गढूळ होते. त्यानंतर त्याच जातीचे तेल भरून, लिफ्ट काही वेळा वरखाली करून ते पुन्हा सोडणे हा सुरक्षित मार्ग होय. धुण्यासाठी डिझेल वापरण्याची पद्धत सर्वत्र आढळते. परंतु डिझेलचा थर गिअरांवर टिकत नाही, त्यामुळे डिझेल भरून ट्रॅक्टर चालविणे हानिकारक ठरते.

नवे तेल निवडताना दोन्ही टोके टाळावी लागतात. तीव्र दाबरोधक गंधकयुक्त रसायने असलेले काही आधुनिक गिअर तेल जुन्या ट्रॅक्टरमधील पितळी व कांस्य भागांना बाधक ठरू शकते. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरमध्ये साधे गिअर तेल चालत नाही. म्हणून ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील मानक आणि बादलीवरील मानक यांची तुलना करणे अनिवार्य आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी कोठून आले ते शोधणे. दांड्याचे तडकलेले आवरण किंवा झिजलेले सील बदलले नाही तर तेलाचा सारा खर्च वाया जातो. सोडलेले तेल जमिनीवर ओतणे पर्यावरणास घातक असून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१) जुन्या ट्रॅक्टरमधील तेलाचे दूषितीकरण केवळ मालकाच्या हयगयीचा परिणाम नाही. सामाईक तेलव्यवस्थेत ते अनुस्यूत होते आणि कमी किमतीच्या मोबदल्यात वापरकर्त्याने ते स्वीकारले होते.

२) तेलव्यवस्थेतील बदल केवळ तांत्रिक कारणांनी झाले नाहीत. १९५२ ची न्यायालयीन तडजोड आणि १९७० मधील प्राणिसंरक्षणाचे धोरण यांनीही तेलाची जागा आणि घटक बदलले.

३) मानक संपल्यावरही त्याचे नाव बाजारात टिकते आणि त्याची किंमत वापरकर्त्याला मोजावी लागते, हे '३०३' च्या उदाहरणावरून दिसून येते.

४) रचना, हवामान आणि वापराची पद्धत यांचा मेळ घालणारे ज्ञान गावोगावच्या मिस्त्रींनी अनुभवातून घडविले. ते बव्हंशी अलिखित आहे. ज्या पिढीने '३५' वंशाचे ट्रॅक्टर प्रथम उघडून पाहिले, ती आता वृद्ध झाली आहे. इतिहास व कृषी अभियांत्रिकी या विभागांनी एकत्र येऊन त्यांच्या मुलाखती आणि कार्यपद्धती यांची नोंद केल्यास ग्रामीण महाराष्ट्राच्या यांत्रिकीकरणाच्या इतिहासातील एक मोठी उणीव भरून निघेल. महाविद्यालयांच्या परिसरातच हे काम करता येण्यासारखे आहे आणि ते लांबणीवर टाकण्याजोगे नाही.